पोवळ्याची फुलं

पोवळ्याला आलेली फुलं ज्या माणसानं पहिल्यांदा नीट निरखून पाहिली, तो एक बडतर्फ झालेला सेनापती होता. लुइजी फेर्दिनांदो मार्सिली हा मूळचा बोलोन्याचा. ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या फौजेत तो मोठ्या हुद्द्यावर पोचला होता. १७०३ मध्ये ब्राइझाखचा किल्ला फ्रेंचांच्या हाती पडला आणि त्याचं खापर किल्ल्यातल्या दोन अधिकाऱ्यांवर फुटलं. वरिष्ठ होता काउंट आर्को, त्याचा शिरच्छेद झाला. दुय्यम होता मार्सिली. त्याची तलवार मोडली, पद गेलं, अब्रू गेली. जीव तेवढा वाचला. मग हा गृहस्थ फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, मार्सेयजवळच्या कासिस नावाच्या कोळ्यांच्या गावी जाऊन राहिला आणि समुद्राचा अभ्यास करू लागला. पाण्याची खोली, खारटपणा, तापमान, प्रवाह, तळाचा आकार, जे मोजता येईल ते तो मोजत होता. समुद्र हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे हे ज्यांनी ओळखलं, त्यांच्या पहिल्या फळीत त्याचं नाव घेतलं जातं.

कासिसचे कोळी पोवळं काढायचे. दोन जाड लाकडं फुलीसारखी बांधायची, मध्ये वजन, टोकांना जाळ्याच्या गुंत्या. ही फुली दोरानं खोल सोडायची आणि खडकांवरून फरफटत न्यायची. पोवळ्याच्या फांद्या मोडून जाळ्यात अडकतात. वर येईपर्यंत त्या लाल काटक्याच असतात, वर एक बुळबुळीत साल.

१७०६ मध्ये मार्सिलीनं एक साधी गोष्ट केली. वर आलेली फांदी कोरडी पडू न देता, समुद्राच्याच पाण्यानं भरलेल्या काचेच्या भांड्यात ठेवली. काही वेळानं सालीवरच्या बारीक उंचवट्यांतून पांढरी फुलं बाहेर आली. प्रत्येकाला बरोब्बर आठ पाकळ्या. फांदी पाण्याबाहेर काढली की फुलं मिटायची, परत पाण्यात घातली की उमलायची. मार्सिलीला जो आनंद झाला असेल त्याची कल्पना करता येते, कारण दोन हजार वर्षांचा एक तंटा आपण मिटवला असं त्याला वाटलं.

तंटा असा, की पोवळं म्हणजे दगड की झाड? अॅरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस त्याचा उल्लेख दगडांवरच्या पुस्तकात करतो, आणि तिथेच ते समुद्रात वाढतं असंही सांगतो. ओव्हिडच्या कथेत पर्सियस मेडुसाचं मुंडकं समुद्रकाठच्या शेवाळावर टेकवतो आणि त्या शेवाळाचं पोवळं होतं. तेव्हापासून एक समज घट्ट बसला, की पोवळं पाण्यात मऊ असतं आणि वारा लागला की दगड होतं. हा समज तपासायला काय लागतं? पाण्यात हात घालायचा. सतराव्या शतकात पाओलो बोक्कोने या सिसिलीच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं तो घातला. पोवळं पाण्याखालीही टणकच लागलं आणि त्यानं निकाल दिला, दगड. दुसरीकडे तूर्नफोरसारखा मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला वनस्पतींत बसवत होता. तूर्नफोरची सगळी पद्धतच फुलांवर उभी होती. ज्याला फूल ती वनस्पती, आणि फुलाच्या पाकळ्यांवरून तिचा वर्ग. पोवळ्याचं फूल तेवढं कुणी पाहिलं नव्हतं. आता मार्सिलीनं तेही दाखवलं.

आपल्याकडे हा वाद शब्दांतच मिटलेला होता, असं मला कधीकधी वाटतं. संस्कृतात ‘विद्रुम’ म्हणजे पोवळं, आणि त्यात ‘द्रुम’ म्हणजे झाड उघडच बसलेलं आहे. ‘प्रवाल’चा एक अर्थ कोवळी पालवी आणि दुसरा पोवळं. नाव ठेवणाऱ्यानं काटकी पाहिली असणार, रंग पाहिला असणार आणि पुढची चौकशी केली नसणार. करणार तरी कशी? दागिन्यातलं तांबडं पोवळं इथल्या समुद्रातलं नाही. ते भूमध्य समुद्रातून येत होतं, आणि पार रोमन काळापासून. पेरिप्लस या ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या पुस्तकात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात पोवळं आहे. प्लिनी सांगतो, की आपल्याकडे हिंदुस्थानच्या मोत्यांना जो मान, तोच त्यांच्याकडे आपल्या पोवळ्याला.

मार्सिली कासिसला काचेत डोकावत होता त्याच काळात हा व्यापार गोव्यातूनही जोरात चालला होता. इटलीतल्या लिव्होर्नो बंदरातल्या सेफार्दी यहुदी पेढ्या पोवळ्याचे मणी लिस्बनमार्गे गोव्याला पाठवायच्या आणि बदल्यात हिरे मागवायच्या. एर्गास आणि सिल्व्हेरा या पेढीचा पत्रव्यवहार इतिहासकार फ्रांचेस्का त्रिव्हेलातो यांनी वाचून काढला आहे. गोव्यात या पेढीचे अडते होते कामत घराण्यातले सारस्वत. पोर्तुगीज कागदांत ‘कामोतीं’ असं आडनाव दिसतं. यहुदी व्यापारी, कॅथलिक राजाची गलबतं आणि सारस्वत अडते. एकमेकांना न भेटता, पोर्तुगीज भाषेतल्या पत्रांवर भरवसा ठेवून यांनी वर्षानुवर्षं लाल मणी आणि हिरे एकमेकांकडे पाठवले. माझ्या आजीच्या गळ्यात मंगळसूत्राखेरीज एक पोवळ्यांची बारकी सर होती. तिच्या सासूकडून आलेली, त्या सासूच्या सासूकडून आलेली. ती सर याच वाटेनं आली असं मी म्हणू शकत नाही. पण त्या वाटेवरचा प्रत्येक जण, कोळी, पैलू पाडणारा, पेढीवाला, अडत्या, सोनार, मंगळाचा खडा सांगणारा जोशी आणि प्रवाळभस्म देणारा वैद्य, पोवळ्याबद्दल आपापल्या कामापुरतं बरोबर जाणत होता. ते कोण आहे, हे जाणण्याची गरज त्यांपैकी कुणालाच नव्हती.

ती गरज वाटलेला माणूस मार्सेयचाच होता. झाँ-आंद्रे पेसोनेल, जन्म १६९४, पेशानं वैद्य. १७२० मध्ये पूर्वेकडून कापड घेऊन आलेल्या एका गलबतातून मार्सेयला प्लेग शिरला. एकट्या शहरात चाळीस ते पन्नास हजार माणसं दगावली. झाँ-आंद्रेचे वडीलही वैद्य होते. ते रोग्यांना सोडून गेले नाहीत आणि त्यातच वारले. मुलगाही त्याच साथीत रोग्यांमध्ये वावरत होता. प्लेग माणसाकडून माणसाला लागतो की हवेतून येतो, यावर तेव्हा फ्रान्समधल्या बड्या वैद्यांत कडाक्याचा वाद होता, आणि पेसोनेल लागण होते म्हणणाऱ्यांपैकी होता. हे मुद्दाम सांगतो, कारण त्याच्या पुढच्या वागण्यात मला हाच माणूस दिसतो. मोठ्यांचं मत काय आहे यापेक्षा समोर काय घडतंय याला जास्त किंमत देणारा.

१७२३ मध्ये त्यानं मार्सेयजवळ पोवळ्याच्या नावेवर जाऊन मार्सिलीचा प्रयोग पुन्हा केला. फुलं आली. पुढं राजाच्या खर्चानं तो उत्तर आफ्रिकेच्या, आजच्या ट्युनिशिया-अल्जीरियाच्या किनाऱ्यावर गेला. तिथं फ्रेंचांची पोवळ्याची मासेमारी चालायची. तिथं त्यानं निवांतपणे, पुन्हा पुन्हा पाहिलं आणि फुलाच्या वागण्यात त्याला काहीतरी खटकलं. ज्या गोष्टीला तो फुलाच्या पाकळ्या समजत होता त्या वाऱ्या-लाटेशिवाय आपणहून हलत होत्या. हात लावला की झटकन आत. समुद्राच्या खडकांवर जे समुद्रफूल म्हणून दिसतं, त्याला फ्रेंच कोळी ‘समुद्रातली खाजकोलती’ म्हणायचे, कारण ते अंगाला लागलं की आग होते. त्या प्राण्याचीच ही बारकी आवृत्ती आहे असं पेसोनेलला वाटलं.

मग त्यानं जे केलं ते मला वैद्यापेक्षा आचाऱ्याला सुचेल असं वाटतं. फांदी असलेलं भांडं त्यानं विस्तवाजवळ ठेवलं. पाणी कोमट झालं तसे सगळे जीव बाहेर आले, हातपाय पसरून. मग त्यानं आच वाढवून पाणी उकळलं. ते तसेच बाहेर राहिले, पसरलेले आणि मेलेले, शिंपल्या उकळल्यावर आतला जीव बाहेर येऊन राहतो तसे. काही फांद्या त्यानं तशाच कुजू दिल्या. वास आला तो कुजलेल्या मासळीचा. सालीतून निघणारा जो पांढरा चीक इतरांना झाडाचं दूध वाटला होता, तो या जिवांच्या अंगाचाच रस होता.

निष्कर्ष असा, की पोवळ्याचं फूल हे फूल नाही, प्राणी आहे. आणि आतला लाल दगड म्हणजे शिंपल्यासारखंच, त्या प्राण्यांनी तयार केलेलं घर.

ही हकीकत त्यानं पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवली. तिथं ती पोचली रेओम्यूरच्या टेबलावर. रेओम्यूर म्हणजे त्या काळच्या फ्रेंच विज्ञानातला सगळ्यात वजनदार माणूस. पोलाद, तापमापक, कीटक, सगळीकडे त्याचा हात होता. गांधीलमाशी लाकूड चघळून कागद बनवते, तर माणसानं तसाच का बनवू नये, असं त्यानं १७१९ मध्ये मांडलं होतं. म्हणजे इवल्या जिवांची कारागिरी काय चीज असते हे त्याच्याइतकं युरोपात कुणाला ठाऊक नव्हतं. तरीही १७२७ मध्ये अकादमीपुढे पोवळ्यावरचा स्वतःचा निबंध वाचताना त्यानं हा प्राण्यांचा सिद्धांत सांगितला तो खोडून काढण्यासाठी. आणि सांगताना तो मांडणाऱ्याचं नाव घेतलं नाही. एका भल्या माणसाचं हसं होऊ नये, म्हणून.

रेओम्यूर मत्सरी नव्हता, लबाडही नव्हता. त्यानं नाव लपवलं ते खरोखर मायेनं. पण त्या मायेचा परिणाम काय झाला पाहा. हसू टळलं, आणि त्याबरोबर चर्चाही टळली. निनावी मताला कुणी पत्र लिहीत नाही, त्याचा प्रयोग कुणी पुन्हा करून पाहत नाही. सगळा प्रयोग करायला लागत होती एक ताजी फांदी आणि एक भांडं पाणी. चौदा-पंधरा वर्षं अकादमीत कुणालाही ते करावंसं वाटलं नाही. टीका झाली असती तर पेसोनेल भांडला असता. दयेशी कसं भांडणार?

अर्थात रेओम्यूरची शंका पोकळ नव्हती आणि तिला न्याय द्यायला हवा. पोवळं झाडासारखं वाढतं. बुंधा, फांदी, डहाळी. हजारो सुटे किडे एकत्र जमून असा आकार बांधतील कसा? गांधीलमाश्यांच्या पोळ्याला बांधणाऱ्या माश्या ये-जा करताना दिसतात. इथले जीव तर जागचे हलत नाहीत. पेसोनेलकडे याला उत्तर नव्हतं. तो दाखवू शकत होता की हे प्राणी आहेत, पण प्राण्यांचं झाड कसं होतं हे त्याला सांगता येत नव्हतं. आणि ‘प्राणी’ या शब्दाचा तेव्हाचा अर्थ होता एक तोंड, एक देह, एक जीव. त्या अर्थात पोवळं बसत नव्हतं.

पेसोनेल ग्वादलुपला गेला, कॅरिबियन समुद्रातल्या फ्रेंच वसाहतीत, राजवैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून. १७२८ मध्ये बेटावरच्या महारोग्यांची तपासणी त्याच्याकडे आली. त्याच्या यादीतली माणसं, बहुतेक गुलाम, शेजारच्या ला देझिराद नावाच्या ओसाड बेटावर नेऊन टाकली गेली. सत्यासाठी उपेक्षा सोसलेला नायक म्हणून त्याचं चित्र काढायचा मोह होतो, तेव्हा ही यादी आठवावी लागते.

उत्तर आलं ते समुद्रातून नाही, एका खड्ड्यातल्या गोड्या पाण्यातून. १७४० चा उन्हाळा, हॉलंड, हेग शहराजवळ सोर्गव्लीट नावाची हवेली. तिथं बेंटिंक नावाच्या सरदाराच्या दोन मुलांना शिकवायला जिनिव्हाचा एक तिशीतला तरुण होता, आब्राहाम ट्रांब्ले. खड्ड्यातलं पाणी बरणीत भरून तो मुलांना त्यातले किडे दाखवायचा. एका पाणवनस्पतीला चिकटलेली हिरवी, नखाएवढीसुद्धा नसलेली काहीतरी काडी त्याला दिसली, टोकाला धाग्यांसारखे हात. अकरावीच्या प्रयोगवहीत आम्ही सगळ्यांनी जिची आकृती काढली, तीच ही हायड्रा. आम्हाला ती नुसती एक स्लाइड होती, गुलाबी रंग दिलेली आणि मेलेली, आणि ‘द्विस्तरीय’ हा शब्द लिहायचं निमित्त. ट्रांब्लेला ते कोडं वाटलं. रंग हिरवा, म्हणजे वनस्पती. हलते, आखडते, चालते, म्हणजे प्राणी. हातांची संख्या मात्र प्रत्येकीत वेगळी, झाडाला किती फांद्या याचा नेम नसतो तशी.

त्यानं ठरवलं, कापून पाहू. झाड असेल तर दोन्ही तुकडे जगतील, प्राणी असेल तर मरेल. २५ नोव्हेंबर १७४० ला त्यानं एक काडी आडवी कापली. दोन्ही तुकडे जगले. शेपटाकडच्या तुकड्याला थोड्याच दिवसांत नवे हात फुटले. म्हणजे वनस्पती? पण दोन्ही तुकडे चालत होते, आणि पुढं त्यानं तिला हातांनी बारके जीव पकडून गिळताना पाहिलं. कसोटीच मोडली होती. प्राणी असूनही तो छाटता येत होता.

ट्रांब्लेनं हे रेओम्यूरला लिहिलं आणि जिवंत नमुने टपालानं पाठवले. पहिली खेप वाटेत मेली, दुसरी जिवंत पोचली. १७४१ च्या मार्चमध्ये रेओम्यूरनं अकादमीपुढे ते सांगितलं. आठ हातांच्या सागरी प्राण्यावरून या जिवाला ‘पॉलिप’ हे नाव पॅरिसमध्येच मिळालं. सारं युरोप बरण्या घेऊन डबक्यांकडे धावलं. लंडनच्या रॉयल सोसायटीनं ट्रांब्लेला १७४३ चं कोप्ली पदक दिलं.

पण पोवळ्याच्या दृष्टीनं महत्त्वाचं कापणं नव्हतं. महत्त्वाचं होतं ते ट्रांब्लेनं शांतपणे पाहिलेलं दुसरं काहीतरी. हायड्राच्या अंगावर बाजूला एक फुगवटा येतो. तो लांब होतो, त्याला हात फुटतात. काही काळ आई आणि पोर जोडलेलीच असतात, एकीनं खाल्लेलं दुसरीच्या पोटात जातं. पोराच्या अंगावर कधी नातूही फुटलेला असतो. मग केव्हातरी पोर गळून वेगळं होतं.

समजा, ते गळलंच नाही तर?

पोर आईला चिकटून राहिलं, त्यावर पोर, त्यावर पोर, तर होणारा आकार झाडाचाच असेल. हजारो कारागिरांनी जमून घर बांधायची गरज नाही. एकच जीव फांद्या फोडत जातो आणि आपल्या अंगाखाली दगड साठवत जातो. रेओम्यूरच्या शंकेचं हेच उत्तर होतं, आणि ते समोर दिसताच त्याला पंधरा वर्षांपूर्वी दडपलेलं नाव आठवलं असणार. त्यानं बेर्नार द ज्युस्यूला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर धाडलं. ज्युस्यू राजाच्या बागेतला वनस्पतिशास्त्रज्ञ, म्हणजे समुद्रातल्या या ‘वनस्पती’ प्राण्यांना देण्यात ज्याचं नुकसान होतं असा साक्षीदार. त्यानं समुद्रझाडांच्या कितीतरी प्रकारांत पॉलिप पाहिले आणि तसं लिहून दिलं. १७४२ मध्ये आपल्या कीटकांवरच्या ग्रंथाच्या सहाव्या खंडाच्या प्रस्तावनेत रेओम्यूरनं जाहीरपणे सांगितलं, की पोवळ्याची फुलं प्राणी आहेत हे पेसोनेलनं आधीच ओळखलं होतं, आणि त्याचं नाव आपण का घेतलं नव्हतं तेही. मला हे पान रेओम्यूरच्या सगळ्या शोधांपेक्षा मोठं वाटतं. तसं त्यानं लिहिलं नसतं तरी चाललं असतं. पेसोनेल सात समुद्रांपलीकडे होता आणि अकादमीत त्याचं नाव कुणाच्या लक्षातही नव्हतं.

पेसोनेलनं पुढं ग्वादलुपमध्ये बसून चारशे पानांचं हस्तलिखित पूर्ण केलं. पोवळी, समुद्रफुलं, स्पंज, सगळं त्यात होतं. ते त्यानं पाठवलं ते लंडनला, रॉयल सोसायटीकडे. विल्यम वॉटसननं त्याचा सारांश इंग्रजीत करून वाचला आणि तो सोसायटीच्या पत्रिकेत आला. मूळ ग्रंथ त्याच्या हयातीत छापला गेला नाही. १७५५ मध्ये जॉन एलिस या लंडनच्या व्यापाऱ्यानं याच जिवांवर सुंदर चित्रांचं पुस्तक काढलं. १७५८ मध्ये लिनियसनं आपल्या यादीच्या दहाव्या आवृत्तीत पोवळ्यांना प्राण्यांत घेतलं, पण अर्ध्या मनानं. त्यानं त्यांना नावं दिली ‘दगड-वनस्पती’ आणि ‘प्राणी-वनस्पती’, आणि पुढंही तो एलिसला लिहीत राहिला, की यांचं खोड झाडाचं आणि फूल तेवढं प्राण्याचं आहे. दुसऱ्याच वर्षी, १७५९ मध्ये पेसोनेल ग्वादलुपमध्ये वारला.

पोवळं वाढतं कसं, त्याची नर-मादी वसाहत वेगळी असते का, पिल्लू पोहतं कसं, हे सगळं कळायला आणखी शंभर वर्षं लागली. लाकाझ-द्युतिए नावाचा फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ अल्जीरियाच्या त्याच किनाऱ्यावर जाऊन राहिला आणि १८६४ मध्ये त्यानं त्याचा मोठा ग्रंथ लिहिला. बुंध्याची जाडी वर्षाला मिलिमीटरच्या पाव हिश्श्याच्या आसपास वाढते, हे तर अलीकडचं. त्या हिशेबानं करंगळीएवढी जाड फांदी म्हणजे अर्धशतकाच्या आसपासची कमाई. लाकडी फुली ती एका झटक्यात मोडायची. आता त्या फुलीवर भूमध्य समुद्रात बंदी आहे.

आणि लिनियसची अर्धीमुर्धी शंका? उथळ, उन्हाच्या समुद्रातली जी प्रवाळं आहेत, मालवणजवळची, लक्षद्वीपची, त्यांच्या पेशींत खरोखरच एकपेशीय शैवाल राहतं. ते उन्हावर साखर करतं आणि यजमानाला देतं. प्रवाळाचा तपकिरी-हिरवा रंग बराचसा त्याचाच. पाणी फार तापलं की ही भागीदारी मोडते, शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरंफटक होतं. ट्रांब्लेची हायड्रा हिरवी होती तीही आतल्या शैवालामुळेच. त्याला ज्या रंगानं वनस्पतीची शंका आली, तो रंग खरंच एका वनस्पतीसारख्या जिवाचा होता. तांबड्या पोवळ्यात मात्र शैवाल नाही. ते कपारीत, अंधुक उजेडात राहतं, आणि वाहत येईल ते आठ हातांनी पकडून खातं. मार्सिलीच्या भांड्यात जे उमललं होतं, त्यात झाडाचा अंशही नव्हता.